बिनरेषांचा अंगठा

आमच्या भावोजींना कामावर यायला उशीर कधीच होत नाही. आत शिरायला मात्र रोज होतो. प्रयोगशाळेच्या फाटकाशी हजेरीचं यंत्र बसवलंय. बाकीचे येतात, अंगठा टेकवतात, यंत्र टुंग करतं आणि माणूस आत. भावोजी अंगठा टेकवतात आणि यंत्रातली बाई अतिशय गोड आवाजात म्हणते, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." भावोजी अंगठा शर्टाला पुसतात, त्यावर फुंकर मारतात, पुन्हा टेकवतात. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मग डावा अंगठा, मग एकेक बोट. मागे रांग लांबत जाते, कुणी खोकतं, कुणी घड्याळ बघतं. शेवटी रखवालदार स्वतः बटण दाबून त्यांना आत सोडतो. "काका, तुम्ही माणूस आहात हे काही या बाईला पटत नाही," हे त्याचं रोजचं वाक्य. भावोजी रोज नव्याने चिडतात.

दोष बाईचा नाही. भावोजींच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. उभा जन्म धातू घासून चकचकीत करण्यात गेला, आणि धातूबरोबर बोटंही घासली गेली. अंगठा तर असा गुळगुळीत झालाय की त्यात खोलीतला दिवा दिसेल. हे मी कौतुकाने सांगत नाही. माझी थोरली बहीण या माणसाच्या घरात आहे आणि मी याच माणसाच्या प्रयोगशाळेत भांडार सांभाळते, त्यामुळे मला घरी-दारी कुठेच सुटका नाही. हातमोजे, घासायचे कागद, हिऱ्याच्या पुडीची लुकण, सगळं माझ्या खिडकीतून जातं. भावोजी त्या खिडकीशी येतात तेव्हा मेहुणीला विचारावं तसं विचारत नाहीत, चोराला विचारावं तसं विचारतात. "या मोज्यांवर पावडर आहे का? खरं सांग."

आता हे घासतात काय आणि कशाला, ते सांगते. भांडारात बसून जेवढं कळलं तेवढंच सांगेन, त्याच्या पुढचं मला विचारू नका.

सूर्य ज्या रीतीने जळतो त्या रीतीने जळणारी भट्टी बनवायची खटपट जगात बऱ्याच ठिकाणी चालू आहे. हायड्रोजन वायू इतका तापवायचा की त्याच्या कणांचे तुकडे पडून सगळा वायू विजेने भारला जावा. त्याला म्हणायचं प्लाझ्मा. या प्लाझ्माला चुंबकांनी मध्ये तरंगत ठेवतात, भिंतीला शिवू देत नाहीत. पण तो कुठला ऐकायला! थोडा का होईना, भिंतीला जाऊन भिडतोच. शिवाय त्या जळण्यातून हेलियम तयार होतो, फुग्यात भरतात ना, तोच, आणि त्याचे कण भिंतीवर मारा करत राहतात. मग भिंत कशाची करायची? तर टंगस्टनची. जुन्या दिव्यातली तार असायची तोच धातू. सहजासहजी वितळत नाही, हट्टीपणात तर त्याला तोड एकच, आणि ती माझ्या बहिणीने पदरात बांधून घेतलेली आहे.

आमच्याकडे ती मोठी भट्टी नाही. एक लांबडं यंत्र आहे, पिंपं एकापुढे एक जोडावीत तसं. त्यात प्लाझ्माचा झोत तयार करून बोटाच्या पेराएवढ्या टंगस्टनच्या तुकड्यावर सोडतात आणि त्या तुकड्याचे काय हाल होतात ते बघतात. हाल नेमके कळायचे तर आधी तुकडा आरशासारखा हवा. एक ओरखडा राहिला, तर तो प्लाझ्माने पाडला की घासणाऱ्याने, हे पुढे कसं ओळखणार? म्हणून भावोजी.

भावोजी तुकडा चाकावर धरतात. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग कापडावर हिऱ्याची लुकण. शेवटी तुकडा भिंगाखाली धरतात, श्वास रोखतात आणि म्हणतात, "लख्ख!" हा एकच शब्द, पण अख्ख्या इमारतीत ऐकू जातो. त्यावरूनच त्यांचं नाव लख्खकाका पडलं. खरं नाव साहेबांनाही आठवत नसावं.

या लख्खकाकांचा एक कायदा होता. घासलेल्या तुकड्याला कुणाचं बोट लागलं, तर बोटवाल्याने त्यांच्या खोलीत जायचं आणि चाकाशेजारी उभं राहायचं. ते तो तुकडा नव्याने घासून डाग घालवेपर्यंत उभंच. खुर्ची नाही, चहा नाही, बोलणं नाही. नुसतं बघायचं, आपल्या एका स्पर्शापायी दुसऱ्याचे हात किती वेळ झिजतात ते. प्लाझ्माचं यंत्र चालवणारा आमचा ऑपरेटर तिथे इतक्या वेळा उभा राहिलाय, की त्या जागची फरशी त्याच्या नावावर करून द्यावी असं मी एकदा सुचवलं होतं. साहेबसुद्धा उभे राहिलेत. मी तर नातेवाईक म्हणून जास्त वेळ.

घरी तर बघायलाच नको. ताईच्या स्वयंपाकघरातला नळ सोन्याचा आहे असं वाटावं. दाराच्या कड्या, खिडक्यांचे खिळे, चमचे, सगळं झळाळतंय. ताई म्हणते, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, केवढा टापटिपीचा नवरा. आता वाटतं, एखादा पसारेवाला चालला असता." त्यांच्या घरात पाणी प्यायचं म्हणजे परीक्षा. पेला खाली ठेवला की भावोजी तो उजेडात धरून माझ्या ओठांचा ठसा बघतात, आणि मग माझ्याकडे बघतात.

तर असा हा माणूस, ज्याने जन्मभर दुसऱ्यांची बोटं मोजली.

आमच्याकडे एक संशोधक मुलगी आहे. तिचा प्रबंध लिहून व्हायचाय, म्हणून आम्ही तिला अर्धी डॉक्टर म्हणतो. ती रागावत नाही. "अर्धी तरी म्हणता, आई तेवढंही मानत नाही," म्हणते. भावोजींचा तिच्यावर जीव, कारण एवढ्या वर्षांत तिने एकाही तुकड्याला बोट लावलेलं नाही. नमुना बघताना ती दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकते, देवळात वाकावं तशी. त्यांच्या खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर बसायची परवानगी फक्त तिला.

तिचा विषय होता लव. टंगस्टन तापलेला असताना हेलियमचा झोत त्याच्यावर बराच वेळ पडत राहिला, की हेलियम धातूत शिरतो. आत त्याचे बारीक बुडबुडे होतात. बुडबुडे वर येऊ बघतात, धातू फुगतो, ताणला जातो, आणि हळूहळू त्या आरशावर लव उगवते. खरीखुरी लव, धातूचीच, डोळ्याला एकेक तंतू दिसणार नाही इतकी बारीक. आरसा काळा पडतो, कारण उजेड त्या लवेत शिरतो तो बाहेर येतच नाही. मखमलीचा तुकडा ठेवावा तसं दिसतं. आणि ही गोष्ट मजेची नाही. मोठ्या भट्टीत अशी लव भिंतीवर वाढली आणि तिची धूळ सुटून प्लाझ्मात पडली, तर प्लाझ्मा मळतो, थंड होतो, आणि सगळा खटाटोप विझतो. म्हणून ही लव किती वाढते आणि कुठे जाऊन थांबते, ते अर्ध्या डॉक्टरला शोधायचं होतं.

हे तिने पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, "बघा भावोजी, टंगस्टनला केस येतात. तुमच्या डोक्याचाही नंबर लावून बघू या का यंत्रात?" भावोजींना टक्कल आहे, आणि अर्थातच तेही लख्ख आहे. अर्धी डॉक्टर तोंड दाबून हसली. भावोजींनी त्या दिवशी माझ्याकडचे हातमोजे मोजून घेतले.

प्रबंधातला शेवटचा नमुना सगळ्यात महत्त्वाचा होता. इतका वेळ झोताखाली आमच्याकडे कुठलाच तुकडा ठेवला नव्हता. भावोजींनी तो असा घासला की "लख्ख" म्हणायलाही विसरले, नुसते बघत बसले. मग तुकडा यंत्रात गेला. ऑपरेटर पाळीपाळीने माणसं बसवून यंत्राला जपत होता. झोत शेवटी थांबला तेव्हा यंत्रानेही मान टाकली. आतले भाग जळून गेले होते, सगळं उघडून नव्याने बांधायला हवं होतं. "आता याला हिवाळा उलटल्यावरच हात लावा," ऑपरेटर म्हणाला. म्हणजे या नमुन्याला जोड नव्हती. आहे तो हा एकच. आणि त्याच्या मधोमध, झोत सगळ्यात जोरात पडला तिथे, अर्ध्या डॉक्टरचा शेवटचा आकडा होता. तो मिळाला की प्रबंध संपला. दुसऱ्या शहरात एक नोकरी तिची वाट बघत होती, पण पूर्ण डॉक्टरची, अर्धीची नव्हे.

ऑपरेटरने नमुना ज्यात घट्ट बसवतात त्या साच्यासकट तो बाहेर काढला. साच्याचे स्क्रू अगदी बारीक, ते फिरवायचं काम नेहमी भावोजींचं. मोज्यात पकड येत नाही म्हणून स्क्रूपुरता ते उजवा मोजा काढतात. "माझी गोष्ट वेगळी," म्हणतात. आम्ही मूग गिळून बसतो, कारण हात खरंच स्थिर आहे. त्यांनी नमुना सोडवला, डबीत ठेवला, डबी बंद केली आणि माझ्याकडे आणून दिली. सुट्टीचे दोन दिवस ती माझ्या कोरड्या हवेच्या कपाटात राहणार होती आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जाणार होती. डबी देताना भावोजी एक अक्षर बोलले नाहीत. नेहमी किमान चार सूचना असतात. मला वाटलं, दमले असतील.

रविवारी ताईचा फोन. "जरा येऊन जा. यांचं काहीतरी बिनसलंय. नळ कळकट झालाय."

मी गेले. खरंच नळावर पाण्याचे पांढरे डाग होते, आणि तिचा नवरा खिडकीशी बसलेला. मी पाणी प्यायले, पेला मुद्दाम चांगला बोटं उमटवून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. 

"भावोजी, डॉक्टरकडे जायचं का?"

"मला काही झालं नाहीये."

"मग कुणाला झालंय?"

 ताई ओट्याशी पाठ करून उभी, पण तिचे कान आमच्याकडे. मग त्यांनी उजवा अंगठा वर केला आणि म्हणाले, "लावला मी."

"काय लावलं?"

"हात. नमुन्याला. मधोमध."

मला आधी हसूच आलं. वाटलं, आज एवढ्या वर्षांचा हिशेब चुकता करायला हे माझी फिरकी घेतायत. पण चेहरा बघून हसू विरलं. ही लव फार नाजूक. तिला फुंकर चालेल, स्पर्श चालत नाही. बोट फिरलं की गेली, पाटीवरची खडूची रेघ जावी तशी.

"चुकून लागला असेल," ताई ओट्याकडूनच म्हणाली.

"चुकून नाही. लावला."

"अहो, पण का?" मी म्हटलं. "काळा दिसला म्हणून पुसायला गेलात? तुमचं काही सांगता येत नाही."

"पुसायला कशाला जाईन? मला कळत नाही का?" ते क्षणभर नेहमीसारखे तडकून उठले आणि पुन्हा खाली बसले. "अगं, हा धातू मी जन्मभर घासतोय. ह्याच्याएवढा कठीण, ह्याच्याएवढा आडमुठा दुसरा नाही. कागद फाटतात, मनगटं भरून येतात, हा तसूभर हलत नाही. आणि समोर बघतो तर मखमल. मीच घासून पाठवलेला तुकडा, आणि मखमल होऊन आला. मला बघायचं होतं, खरंच मऊ लागतो का."

"मग?" हे ताईने विचारलं. ती आता वळली होती.

"लागलंच नाही काही." त्यांनी अंगठा तर्जनीवर घासून बघितला. "कळायच्या आत ते गेलं. आणि खरं सांगू का? राहिलं असतं तरी कळलं नसतं. ह्या अंगठ्याला आता मऊ कळतच नाही."

मला या माणसाचा इतक्या वर्षांत शंभरदा राग आलाय. दया त्या दिवशी पहिल्यांदा आली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. राग बरा असतो.

"सोमवारी जाऊन सांगा तिला," ताई म्हणाली.

"सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना!"

सोमवारी यंत्रातल्या बाईने त्यांना नेहमीप्रमाणे ओळखलं नाही, आणि भावोजी चिडले नाहीत, तेव्हाच मला कळलं की यांच्याच्याने होणार नाही. अर्धी डॉक्टर माझ्या खिडकीशी डबी न्यायला आली, तेव्हा तिने नवा ड्रेस घातला होता. भावोजी पलीकडे भिंतीला टेकून उभे. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आपल्या टकलावरून हात फिरवला. डबी गेली. मीही काही बोलले नाही. सांगायचं ते त्यांनी सांगायचं होतं.

सूक्ष्मदर्शकाची खोली लहान आहे. तिथलं काम बघणाऱ्या बाईंनी डबी उघडली, आणि चिमट्याने नमुना उचलता उचलता थांबल्या. मग तसाच आत सरकवला. पडद्यावर चित्र यायला वेळ लागतो, आधी आतली हवा काढावी लागते. तोवर साहेब आले, ऑपरेटर आला, भावोजी आले, आणि माझं तिथे काही काम नसताना मीही दारात जाऊन उभी राहिले.

चित्र आलं. कडेकडेने ती लव दिसत होती, दाट, गुंतलेली. आणि मधोमध एक लांबट गोल, चेपलेला, तंतू तुटून आडवे पडलेले. कुणीही सांगावं, हा अंगठा आहे.

अर्धी डॉक्टर पडद्याकडे बघत राहिली. तिचे हात आपोआप पाठीमागे गेले होते. मग अगदी हळू म्हणाली, "मधलाच भाग हवा होता."

साहेबांनी चष्मा काढला. "हा नमुना कोणाकोणाच्या हातातून गेला?"

भावोजींनी उजवा अंगठा मुठीत दडवला.  आणि तेवढ्यात तो ऑपरेटर, जो यांच्यापायी फरशीवर उभा राहून राहून झिजला, तो घसा खाकरून म्हणाला, "माझा असेल साहेब. साचा काढताना लागला असेल."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. पडद्यावरच्या त्या गोलात एक रेघ नव्हती, आणि रोज सकाळी फाटकाच्या रांगेत तो भावोजींच्या मागे उभा असायचा. त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार? मग मलाच राहवेना. तो परका माणूस आळ अंगावर घेतोय, तर मी तरी घरची आहे. मी म्हटलं, "नाही हो, कपाटात ठेवताना माझ्याकडून डबी उघडली गेली होती. माझाच असणार."

"गप्प बसा दोघंही!"

लख्खकाकांचा तो आवाज मी ओळखते. 'लख्ख' म्हणतानाचाच, पण उलटा फिरवलेला. ते तरातरा पुढे आले आणि पडद्यासमोर उभे राहिले.

"हिचा म्हणे! हिचा अंगठा बघितलाय का? भाजी चिरून चिरून नुसता कापलेला आहे. आणि तुझा! तुझ्या बोटांत ग्रीस गेलंय ते तू मेल्यावरच निघेल. रेषा तर अशा, की त्यात पाणी साचावं. तुमच्या बोटांनी असा डाग पडतो होय? डोळे उघडे ठेवून बघा जरा! ही कड बघा. एक रेघ दिसते? एक ओरखडा? इतका स्वच्छ अंगठा या इमारतीत एकाच माणसाचा आहे!"

 मागे तेवढा हवेचा पंप गुरगुरत होता. भावोजींनी स्वतःचं बोलणं स्वतः ऐकलं. त्यांचा हात अजून पडद्याकडे होता. तो त्यांनी हळूहळू खाली आणला आणि अर्ध्या डॉक्टरकडे वळले.

"पोरी, माझा आहे. मी लावला. शुक्रवारीच सांगायला हवं होतं, सकाळीही सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

 तिचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती खोलीबाहेर गेली. साहेब हातातला चष्मा पुसत राहिले. या माणसाला काय बोलायचं असतं, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

दुपारी मी भावोजींच्या खोलीत डोकावले. चाक बंद होतं आणि ते चाकाशेजारी उभे होते, ऑपरेटरच्या त्या फरशीवर, हात बाजूला सोडून. खुर्ची रिकामी. मी चहा नेला होता.

"नको," ते म्हणाले. "शिक्षा चालू आहे."

"कायद्यात डाग जाईपर्यंत असं आहे. इथे तर कुणी घासतही नाहीये."

"म्हणूनच."

मी चहा ठेवून आले. तो तसाच गार झाला.

संध्याकाळी भांडार बंद करताना खिडकीशी अर्धी डॉक्टर. डोळे सुजलेले, आवाज मात्र ठीक. आईशी बोलून आली होती. त्या नोकरीवाल्यांशीही. थांबतो म्हणालेत का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"काकांनी का लावला हात?" तिने विचारलं. "पुसायला?"

मी खरं ते सांगितलं. खिडकी, नळ, मखमल, सगळं. ती खिडकीच्या फळीवर कोपरं टेकून ऐकत होती.

"मलासुद्धा लावायचा होता," ती म्हणाली. "पहिल्यांदा लव बघितली ना, तेव्हापासून. म्हणून तर हात मागे बांधते. नाहीतर कधीच लावला असता." मग जरा थांबून, "कसा लागला म्हणाले?"

"लागलाच नाही म्हणाले. त्या अंगठ्याला आता मऊ कळत नाही."

ती फळीवरची धूळ बोटाने गोळा करत राहिली. मग तिने टंगस्टनचा एक कोरा तुकडा मागितला. मी काढून दिला. सही घ्यायची राहिली, ती अजून राहिलेलीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी नेहमीची रांग. भावोजी पुढे, मागे ऑपरेटर, मग मी. भावोजींनी अंगठा टेकवला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्यांनी अंगठा पुसला, फुंकर मारली नाही. पुन्हा टेकवला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"बाई बरोबर बोलतेय, काका," मागून आवाज आला. अर्धी डॉक्टर रांग मोडून पुढे आली होती. तिने मूठ उघडली. पिशवीत कालचा तो तुकडा, करवतीचे ओरखडे पडलेला, राखाडी. "यंत्र जुळेपर्यंत वेळच वेळ आहे. पण मला मागच्यासारखाच हवा. 'लख्ख' म्हणायला विसरलात ना, तसा."

रखवालदार बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. भावोजींनी हात पुढे केला, मग झटका बसल्यासारखा मागे घेतला. खिशातून मोजा काढला, उजव्या हातात चढवला, एकेक बोट नीट बसवलं आणि मगच पिशवी घेतली. तुकडा उजेडात धरून म्हणाले, "काय कापलाय हा! दातांनी तोडलाय का कुणी?" मग तुकडा खाली घेत, "आणि ऐक. यंत्रातून परत आला की माझ्या हातात देऊ नकोस. स्क्रू दुसऱ्या कुणाकडून काढून घे."

"तुमच्याच हातात देणार," ती म्हणाली. "मी शेजारी हात मागे बांधून उभी राहीन. तुम्ही स्क्रू काढा, मी तुमच्यावर लक्ष ठेवते."

 मोजा घातलेल्याच हाताने भावोजींनी दोन्ही डोळे पुसले, हाताकडे बघितलं, आणि रांगेतच माझ्याकडे वळून खेकसले, "बघतेस काय? दुसरा मोजा दे. डोळ्यांच्या पाण्यात मीठ असतं, नमुन्याला डाग पडतो."